कर्नल बदलानंतर संगणक सुरू न होणे

कर्नल बदलानंतर संगणक सुरू न होणे हा प्रामुख्याने लिनक्स कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांत आढळणारा दोष आहे. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक आणि नेटवर्क यांचा कारभार तो पाहतो. हा गाभा अद्ययावत केल्यावर, त्याची वेगळी आवृत्ती बसवल्यावर किंवा तो स्वतः संकलित करून वापरल्यावर संगणक पुढच्या वेळी सुरू होताना मध्येच अडतो. कधी पडदा काळा राहतो, कधी त्रुटीचा संदेश येऊन सर्व काही थांबते, तर कधी केवळ एक आज्ञारेषा दिसते.

अशा प्रसंगी संगणक पूर्णतः बिघडला असा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा बूट विभागातील दोन-तीन संचिकांपुरता मर्यादित असतो आणि वापरकर्त्याची माहिती डिस्कवर जशीच्या तशी असते. घाईने डिस्क फॉरमॅट करून कार्यप्रणाली नव्याने बसवल्यास ही शाबूत माहिती नष्ट होते. म्हणून या दोषाच्या निवारणात पहिला नियम असा की, माहितीची प्रत सुरक्षित होईपर्यंत डिस्कवर नवे काहीही लिहू नये.

## पार्श्वभूमी

लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनक्स कर्नलाची घोषणा केली. कर्नल आणि त्यावर चालणारे इतर सॉफ्टवेअर यांची जडणघडण सुरुवातीपासून स्वतंत्रपणे होत आली. त्यामुळे कार्यप्रणालीचा उर्वरित भाग तसाच ठेवून केवळ गाभा बदलणे लिनक्समध्ये शक्य असते. ही सोय सुरक्षा-दोष तातडीने दूर करण्यासाठी आणि नव्या यंत्रसामग्रीला आधार देण्यासाठी उपयुक्त ठरते. तथापि गाभा बदलला आणि त्याच्याशी जुळणारे भाग बदलले नाहीत, तर तीच सोय अडचणीचे कारण होते.

पूर्वी प्रचलित असलेला लिलो हा बूटलोडर कर्नलाची संचिका डिस्कवर नेमकी कोठे आहे याची नोंद करून ठेवत असे. कर्नल बदलल्यानंतर लिलोची आज्ञा पुन्हा चालवण्याचे विसरल्यास संगणक सुरू होत नसे. पुढे आलेला ग्रब हा बूटलोडर फाइल सिस्टीम स्वतः वाचू शकत असल्याने हा धोका कमी झाला. उबुंटूने ऑक्टोबर २००९ मधील ९.१० या आवृत्तीपासून नव्या स्थापनेसाठी ग्रब २ स्वीकारला.

कर्नल बदलामुळे उपकरणांची नावेही बदलू शकतात. जुन्या आयडीई डिस्कना लिनक्समध्ये ‘एचडीए’ असे नाव मिळत असे. नवी ड्रायव्हर-प्रणाली आल्यावर त्याच डिस्कना ‘एसडीए’ हे नाव मिळू लागले. फेडोरा ७ मध्ये (२००७) हा बदल झाला, तेव्हा ज्या संगणकांच्या मांडणीत जुनी नावे लिहिलेली होती त्यांना आपलीच डिस्क सापडेनाशी होण्याचा धोका निर्माण झाला. विभागांना नावाऐवजी यूयूआयडी या कायम ओळखक्रमांकाने संबोधण्याची पद्धत यामुळेच रूढ झाली.

## संगणक सुरू होण्याचे टप्पे

दोष कोठे आहे हे ठरवण्यासाठी संगणक सुरू होण्याचा क्रम माहीत असावा लागतो.

१. फर्मवेअर : संगणक चालू करताच मदरबोर्डवरील बायॉस किंवा यूईएफआय काम सुरू करते. बायॉस डिस्कचा ५१२ बाइटांचा पहिला भाग वाचते. यूईएफआय एका विशेष विभागातील संचिका वाचते.

२. बूटलोडर : ग्रब उपलब्ध कर्नलांची यादी दाखवतो व निवडलेला कर्नल स्मृतीत आणतो. त्याच वेळी तो इनिटरॅमएफएस ही संकुचित संचिकाही आणतो.

३. कर्नल आणि इनिटरॅमएफएस : मुख्य डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर त्याच डिस्कवर ठेवलेले असतील तर ते वाचणार कसे, हा पेच इनिटरॅमएफएस सोडवते. एनव्हीएमई, रेड, एलव्हीएम, कूटबद्ध डिस्क इत्यादींसाठी आवश्यक मॉड्यूल या तात्पुरत्या फाइल सिस्टीममध्ये असतात.

४. मूळ फाइल सिस्टीम : ड्रायव्हर कार्यान्वित झाल्यावर डिस्कवरील मूळ विभाग जोडला जातो.

५. पहिली प्रक्रिया : कर्नल १ या क्रमांकाची प्रक्रिया सुरू करतो. बहुतेक आधुनिक वितरणांत ती सिस्टमडी असते. ती उर्वरित सेवा आणि शेवटी प्रवेशपडदा सुरू करते.

कर्नल बदलताना दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील संचिका नव्याने तयार होतात. त्यामुळे बहुतेक दोष तेथेच उद्भवतात.

## कारणे

अपूर्ण इनिटरॅमएफएस. बूट विभाग वेगळा व लहान असेल आणि त्यात जुने कर्नल साठत गेले असतील, तर नवी इनिटरॅमएफएस लिहिताना जागा अपुरी पडते. अद्ययावत करताना वीज गेल्यासही संचिका अर्धवट राहते.

मॉड्यूल आणि कर्नल यांतील विसंगती. प्रत्येक कर्नलाची मॉड्यूल त्याच्या आवृत्तीच्या नावाच्या निर्देशिकेत असतात. आर्च लिनक्समध्ये अद्ययावत करताना जुना कर्नल काढून नवा ठेवला जातो. त्या वेळी बूट विभाग जोडलेला नसेल, तर बूट विभागात जुना कर्नल आणि मूळ विभागात फक्त नवी मॉड्यूल अशी स्थिती होते. संगणक अर्धवट सुरू होतो. मात्र मॉड्यूलवर अवलंबून असलेली उपकरणे चालत नाहीत.

बाहेरील ड्रायव्हर. एनव्हीडियाचे ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल कर्नलाच्या मूळ संहितेचा भाग नसतात. प्रत्येक नव्या कर्नलासाठी ती पुन्हा संकलित करावी लागतात. डेल कंपनीने विकसित केलेली डीकेएमएस ही व्यवस्था हे काम आपोआप करते. पण कर्नलाच्या हेडर संचिका बसवलेल्या नसतील किंवा ड्रायव्हर नव्या कर्नलाशी सुसंगत नसेल, तर संकलन फसते.

सिक्युअर बूट. यूईएफआयची ही सुरक्षाव्यवस्था स्वाक्षरी नसलेला कर्नल चालू देत नाही. स्वतः संकलित केलेल्या कर्नलाच्या बाबतीत हा अडथळा नेहमी येतो.

चुकीची मांडणी. स्वतः कर्नल संकलित करताना डिस्कचा किंवा फाइल सिस्टीमचा ड्रायव्हर वगळला गेला, अथवा तो मॉड्यूल म्हणून निवडून इनिटरॅमएफएस बनवली नाही, तर कर्नलाला मूळ विभाग जोडता येत नाही.

कर्नलातील खरा दोष. नव्या आवृत्तीतील एखाद्या बदलामुळे पूर्वी चालणारे उपकरण बंद पडते. यास प्रतिगमन म्हणतात.

## लक्षणांवरून निदान

पडद्यावरील शेवटचा संदेश हा निदानाचा मुख्य आधार असतो. तो नाहीसा होण्यापूर्वी भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घेऊन ठेवणे उपयुक्त ठरते.

* ‘ग्रब रेस्क्यू’ अशी आज्ञारेषा : ग्रबला स्वतःचेच भाग सापडलेले नाहीत. कर्नल अद्याप सुरूही झालेला नाही; दोष बूटलोडरचा किंवा विभागांच्या रचनेतील बदलाचा आहे.
* केवळ ‘ग्रब’ अशी आज्ञारेषा : ग्रब सुरू झाला, पण त्याला मांडणीची संचिका मिळाली नाही.
* ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ : कर्नल सुरू झाला, परंतु त्याला कोणतीही डिस्क दिसत नाही. इनिटरॅमएफएस नसणे किंवा अपूर्ण असणे हे याचे सर्वांत सामान्य कारण होय. यानंतर कर्नल पॅनिक होऊन संगणक थांबतो.
* ‘इनिटरॅमएफएस’ किंवा ‘ड्रेकट’ अशी आज्ञारेषा : पहिली डेबियन व उबुंटूमध्ये, दुसरी फेडोरा व रेड हॅटमध्ये दिसते. तात्पुरती फाइल सिस्टीम चालली, पण मूळ विभाग सापडला नाही किंवा तो तपासणीत सदोष आढळला.
* आपत्कालीन स्थिती : मूळ विभाग जोडला गेला, पण एफएसटॅब संचिकेत नोंदवलेला एखादा अन्य विभाग मिळाला नाही. सिस्टमडी सामान्यतः ९० सेकंद वाट पाहून या स्थितीत जाते.
* चिन्ह दिसून नंतर काळा पडदा : संगणक बहुधा सुरू झालेला असतो, ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा चालत नाही. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबल्यावर मजकुरी प्रवेशपडदा आला, तर या निदानाला पुष्टी मिळते.

काही कर्नल पॅनिकमध्ये पडदा गोठतो आणि कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागतो. पडद्यावर काहीच नसताना ही खूण मार्गदर्शक ठरते.

## दुरुस्ती

### जुना कर्नल निवडणे

सर्वांत सोपा व सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे पूर्वी चालणारा कर्नल वापरणे. फेडोरा सामान्यतः तीन कर्नल राखून ठेवते. उबुंटूही आधीचा कर्नल ठेवते. संगणक सुरू होताना बायॉस असल्यास शिफ्ट, यूईएफआय असल्यास एस्केप ही कळ दाबून उबुंटूतील ग्रबची यादी उघडता येते. तेथे प्रगत पर्यायांत जुन्या आवृत्तीची नोंद असते.

जुना कर्नल चालला तर दोन गोष्टी सिद्ध होतात : डिस्क व फाइल सिस्टीम वापरण्याजोगी आहे, आणि दोष नव्या कर्नलाशी संबंधित आहे. जुना कर्नलही चालला नाही, तर दोषाचे मूळ कर्नल बदलात नसून अन्यत्र असण्याची शक्यता वाढते.

### बूट पर्याय तात्पुरते बदलणे

ग्रबच्या यादीत एखाद्या नोंदीवर ‘ई’ ही कळ दाबल्यास तिचा मजकूर संपादित करता येतो. येथे केलेला बदल केवळ त्या एका वेळेपुरता राहतो. ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द काढल्यास लपवलेले संदेश दिसू लागतात. ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडल्यास कर्नल ग्राफिक्स ड्रायव्हरमार्फत पडद्याची मांडणी बदलत नाही. काळ्या पडद्याच्या तक्रारीत याचा उपयोग होतो. एफ१० किंवा कंट्रोल व एक्स दाबल्यावर संगणक बदललेल्या पर्यायांसह सुरू होतो.

### लाइव्ह यूएसबीवरून दुरुस्ती

कोणताही कर्नल चालत नसल्यास दुसऱ्या संगणकावर लाइव्ह यूएसबी तयार करून तिच्यावरून संगणक सुरू केला जातो. यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. अंतर्गत डिस्कवरील महत्त्वाच्या संचिका बाह्य डिस्कवर उतरवून घेणे. डिस्क कूटबद्ध असल्यास परवलीचा शब्द देऊन ती आधी उघडावी लागते.

२. डिस्कवर वाचन-त्रुटी दिसत असतील, तर दुरुस्ती थांबवून डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे. मोडकळीस आलेल्या डिस्कवर पुन्हा पुन्हा प्रयोग केल्यास उरलेली माहितीही जाऊ शकते.

३. फाइल सिस्टीमची तपासणी करायची असल्यास ती विभाग जोडण्यापूर्वी करणे. जोडलेल्या विभागावर एफएससीके चालवल्यास माहितीची हानी होऊ शकते.

४. मूळ विभाग जोडणे; त्याच्या आत बूट विभाग व यूईएफआय विभाग जोडणे. बीटीआरएफएस वापरणाऱ्या संगणकांत योग्य उपविभाग निवडावा लागतो.

५. डेव्ह, प्रॉक, सिस व रन या निर्देशिका त्याच ठिकाणी जोडून सीएचरूट या आज्ञेने अंतर्गत प्रणालीत प्रवेश करणे. यानंतर दिलेल्या आज्ञा यूएसबीवरील नव्हे, तर दुरुस्त करावयाच्या प्रणालीला लागू होतात.

६. बूट विभागात जागा आहे का हे पाहणे. नसल्यास जुने कर्नल पॅकेज-व्यवस्थापकामार्फत काढणे. संचिका हाताने पुसल्यास पॅकेजांच्या नोंदी आणि प्रत्यक्ष स्थिती यांत तफावत पडते.

७. अर्धवट राहिलेली पॅकेज-स्थापना पूर्ण करून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवणे. यासाठी डेबियन-उबुंटूत अपडेट-इनिटरॅमएफएस, फेडोरात ड्रेकट व आर्चमध्ये एमकेइनिटसीपीआयओ ही साधने आहेत.

८. ग्रबची मांडणी नव्याने तयार करणे, बाहेर पडून सर्व विभाग सोडवणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे.

चौथ्या पायरीत बूट विभाग जोडण्याचे राहिल्यास नव्या संचिका मूळ विभागातील रिकाम्या बूट निर्देशिकेत जातात आणि पुढच्या वेळी तोच दोष कायम दिसतो. दुरुस्ती निष्फळ ठरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

### नोंदींची तपासणी

संगणक जुन्या कर्नलावर सुरू झाल्यावर जर्नलसीटीएल या आज्ञेने आधीच्या अयशस्वी प्रयत्नाच्या नोंदी वाचता येतात. मात्र मूळ विभाग जोडला जाण्यापूर्वीच संगणक थांबला असेल, तर डिस्कवर काहीच लिहिले गेलेले नसते. अशा वेळी पडद्याचे छायाचित्र हाच पुरावा उरतो.

## सदोष बदलाचा शोध

दोष कर्नलाच्या संहितेतच असल्यास तो ज्या बदलामुळे आला तो शोधण्यासाठी गिट बायसेक्ट ही पद्धत वापरतात. चालणारी व न चालणारी अशा दोन आवृत्त्यांच्या मधला बदल घेऊन कर्नल संकलित केला जातो व तो तपासला जातो. प्रत्येक तपासणीनंतर संशयित बदलांची संख्या निम्मी होते. १,००० बदलांसाठी सुमारे १० तपासण्या पुरतात. कर्नलाच्या एका प्रमुख आवृत्तीत १०,००० हून अधिक बदल असतात. त्यांच्यासाठीही सुमारे १४ तपासण्या लागतात. पूर्वी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडू नये हा कर्नल-विकासकांचा मान्य नियम असल्याने, नेमका बदल दाखवणाऱ्या तक्रारीला महत्त्व मिळते.

## प्रतिबंध

नवा कर्नल सिद्ध होईपर्यंत किमान एक चालणारा कर्नल राखून ठेवणे हा मुख्य प्रतिबंधक उपाय होय. आर्चसारख्या वितरणात दीर्घकालीन आधाराचा एलटीएस कर्नल सोबत बसवून हे साधता येते. अद्ययावत करण्यापूर्वी बूट विभागातील मोकळी जागा पाहणे, लॅपटॉप वीजजोडणीवर ठेवणे, मेजावरील संगणकासाठी यूपीएस वापरणे आणि लाइव्ह यूएसबी आधीच तयार ठेवणे याही उपयुक्त सवयी आहेत.

दूरच्या सर्व्हरवर नवा कर्नल तपासताना तो केवळ एका वेळेसाठी निवडता येतो. ‘पॅनिक=१०’ हा पर्याय दिल्यास पॅनिकनंतर १० सेकंदांनी सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू होतो व जुन्या कर्नलाकडे परततो. अँड्रॉइड ७.० (२०१६) पासून उपलब्ध झालेल्या ए/बी अद्ययावत पद्धतीतही हेच तत्त्व आहे : प्रणालीच्या दोन प्रती असतात, नवी सुरू झाली नाही तर भ्रमणध्वनी जुन्या प्रतीवर परततो.

## कोल्हापूर व महाराष्ट्राच्या संदर्भात

वीजपुरवठ्यातील खंड हा अद्ययावत प्रक्रिया अपूर्ण राहण्याचे एक कारण असल्याने स्थानिक परिस्थितीला या विषयात महत्त्व येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या महापुरांत कोल्हापूर शहर व परिसरातील वीजपुरवठा विस्कळीत झाला आणि पुणे–बंगळूर महामार्गावरील वाहतूक बंद पडली. अशा काळात तंत्रज्ञ येऊ शकत नाही व नवा सुटा भाग मिळत नाही. हाताशी असलेली लाइव्ह यूएसबी आणि माहितीची प्रत हाच आधार असतो. दूध संस्थेचा हिशेब, ओतकाम कारखान्याची रेखाचित्रे किंवा संशोधक विद्यार्थ्याचा प्रबंध संगणकाच्या किमतीपेक्षा मोलाचा असतो. बूट न होणाऱ्या संगणकावर ‘आधी फॉरमॅट’ हा उपाय का टाळावा, याचे उत्तर यातच आहे.

उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव यांसारख्या औद्योगिक क्षेत्रांत जी यंत्रकामे चालतात, त्यांसाठी लिनक्ससीएनसी ही मुक्त नियंत्रण-प्रणाली उपलब्ध आहे. यंत्राच्या हालचाली नेमक्या क्षणी व्हाव्यात म्हणून ती वापरताना सामान्य कर्नलाऐवजी रिअल-टाइम कर्नल लागतो, म्हणजे कर्नल बदल येथे अपरिहार्य असतो. रिअल-टाइम सुविधा नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलात समाविष्ट झाली. यंत्राच्या नियंत्रणासाठी वापरात असलेल्या संगणकाचा कर्नल चालू उत्पादनाच्या काळात न बदलणे श्रेयस्कर मानले जाते.

मराठी वापरकर्त्यांपुढे भाषेचीही अडचण असते. प्रणाली मराठीत वापरली तरी कर्नलाचे संदेश इंग्रजीतच येतात. लिनक्सचा मजकुरी पडदा एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती हाताळतो आणि देवनागरीतील जोडाक्षरांची जुळणी त्याला करता येत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सविषयीचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत.

## विंडोजमधील तत्सम घटना

गाभ्याच्या पातळीवरील बदलामुळे संगणक सुरू न होण्याची घटना लिनक्सपुरती मर्यादित नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष संचिका जगभर वितरित झाली. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नल पातळीवर चालते. त्याच्या संहितेने २१ वे मूल्य वाचण्याचा प्रयत्न केला, पण तिला २० मूल्येच पुरवलेली होती. परिणामी संगणक निळ्या पडद्यावर थांबून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. संचिका भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी वितरित झाली व ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तथापि बंद पडलेल्या अनेक संगणकांना ती दुरुस्ती आपोआप मिळू शकली नाही. मुंबईसह देशातील विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली.

येथील उपायही लिनक्समधील उपायासारखाच होता : संगणक सुरक्षित स्थितीत सुरू करून केवळ ती एक संचिका काढणे. बिटलॉकरने कूटबद्ध केलेल्या संगणकांत त्यासाठी पुनर्प्राप्ती-किल्ली लागत होती आणि ती ज्या ठिकाणी सहज उपलब्ध नव्हती तेथे काम लांबले. कूटबद्ध डिस्कची किल्ली त्याच संगणकाबाहेर जपून ठेवणे ही दोन्ही कार्यप्रणालींसाठी समान असलेली दक्षता होय.